सांडलेलं ते बजाबाईचं

मोडनिंबच्या धान्यबाजारात बजाबाईला ओळखत नाही असं कुणी म्हणालं, तर तो एकतर कालच आलाय किंवा खोटं बोलतोय. पाच फुटाला दोन बोटं कमी उंची, पदर कमरेला खोचलेला, तोंडावर धुळीसाठी बांधलेलं फडकं आणि हातात तिच्याएवढाच खराटा. एकतीस वर्षं ही बाई त्या बाजारात रोज दुपारी हजर. लिलाव करणाऱ्याचा घसा बसला तर बाजार पुढं ढकलता येईल, पण बजाबाई आली नाही तर दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला जागा राहत नसे.

तिचं काम काय, तर मातेरं गोळा करायचं. ज्यांच्या घरी धान्य पिशवीबंद येतं त्यांना मातेरं म्हणजे काय हे सांगावं लागेल. पोतं ओतताना, ढीग लावताना, काट्यावर चढवताना थोडं धान्य इकडंतिकडं उडतंच. ते ओट्याखाली जातं, फरशीच्या फटीत बसतं, मातीत, खड्यांत, विड्यांच्या थोटकांत मिसळतं. ढीग उचलून नेल्यावर जे असं मागं राहतं ते मातेरं. ते झाडून काढायचं, चाळायचं, सुपात घेऊन पाखडायचं, खडे वेचायचे आणि घरी न्यायचं. बाजार झाडल्याचा पगार नाही. मातेरं हाच पगार.

याचा कागद कुठं नाही, पण नियम पक्के. ढीग उभा आहे तोवर खराटा हातात धरायचा नाही. माल आणणारा शेतकरी ओट्यावरून उतरला नाही तोवर वाकायचं नाही, कारण त्याच्या डोळ्यांदेखत त्याचं धान्य वेचलं की त्याला वाईट वाटतं. ओट्यावरचं दुकानाचं, ओट्याखालचं आपलं. पोतं फाटलेलं दिसलं तर आधी हमालाला हाक मारायची. आणि घरी निघताना पहिली मूठ भिंतीवर ठेवायची, चिमण्यांना. हे नियम तिला कुणी शिकवले ते तिलाही आठवत नाही. पण ते मोडताना तिला कुणी बघितलेलं नाही, हे सगळा बाजार शपथेवर सांगेल.

तिचा नवरा कुंडलिक त्याच बाजारात हमाल होता. लग्नाला सहा महिने झाले असतील नसतील, तेव्हाची गोष्ट. बायकोला खूश करावं म्हणून गड्यानं पाठीवरच्या पोत्याला मुद्दाम हुकाचा ओरखडा दिला. ज्वारीची धार लागली. "सांडलं बग," म्हणून तो हसला. बजाबाई हसली नाही. तिनं सूप घेतलं, दाणा न् दाणा गोळा केला, आणि सगळ्यांसमोर परत त्याच पोत्यात ओतला. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "सांडलेलं आपलं. सांडवलेलं आपलं न्हाय." कुंडलिकनं पुन्हा तसं केलं नाही. आजही तो हा प्रसंग सांगतो आणि सांगताना आपणच कसे उदार होतो हे हळूच घुसडतो.

फक्त एका माणसाला सांडवायची मुभा होती. ते म्हणजे बसलिंगप्पा शेठ. हे मूळचे मैंदर्गीचे, कानडी घरात बोलायचे आणि बाजारात दोन्ही भाषांची मिसळ करून बोलायचे. बजाबाईचा ओटा त्यांच्याच आडत दुकानापुढचा. सुगीचा शेवटचा ढीग उठला की शेठ चप्पल काढून ओट्याच्या कडेला यायचे आणि उरलेल्या धान्याला पायानं नाही, हातानं ढकलायचे. "अय्यो, बजाक्का, सांडलं की!" सूपभर तरी खाली यायचं. घे म्हणाले असते तर तिनं घेतलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. मालकच सांडतोय म्हटल्यावर तिचा नियम मोडत नव्हता, आणि शेठना उपकार केल्याचा तोरा मिरवावा लागत नव्हता. माणसं पूर्वी फार चांगली होती असं मी म्हणणार नाही, पण काही माणसांना द्यायचं कसं ते कळत होतं.

ज्वारी निघाली की तिची भाकरी व्हायची. मका निघाला की कोंबड्यांना. तीस गावरान कोंबड्या होत्या तिच्या. अंडी हायवेवरच्या ढाब्यांवर जायची, कुणी बाळंतीण असली तर घरपोच जायची. इंद्रजीत, तिचा एकुलता एक, कुर्डुवाडीला आयटीआय शिकला तो याच अंड्यांवर. कुंडलिक पाहुण्यांना सांगायचा, "आमचा पोरगा आमी न्हाय शिकीवला. कोंबड्यांनी शिकीवला." पाठीच्या मणक्यानं दगा दिल्यावर कुंडलिक घरी बसला आणि त्या कोंबड्यांचा राखणदार झाला. तो त्यांच्याशी दिवसभर बोलायचा. बजाबाईच्या मते तिच्याशी बोलायचा त्याहून जास्त.

मग हायवेच्या पलीकडं मक्यापासून इथेनॉल काढायचा कारखाना उभा राहिला.

वाईट झालं असं म्हणायला कुणाची जीभ रेटेना, कारण कुणाचंच वाईट झालं नव्हतं. ज्यानं कधी मका लावला नव्हता तोही लावायला लागला. भाव बरा, घेणारा दारात, मालाचा चुकारा वेळेवर. शेतकऱ्याची गाडी शेतातून निघायची ती सरळ कारखान्याच्या काट्यावर. बाजारात यायचं कारणच उरलं नाही. बसलिंगप्पा शेठ थकून मैंदर्गीला गेले होते. त्यांचा मुलगा गुरुशांत हुशार निघाला, त्यानं कारखान्याला माल मिळवून द्यायचं काम धरलं. आता त्याचं दुकान फोनवर चालतं. ओट्यावर एखादा तुरीचा ढीग, कधी थोडी ज्वारी, आणि बाकी ऊन.

मातेरं घमेल्यावरून सुपावर आलं आणि सुपावरून ओंजळीवर. विकतचा मका आणून कोंबड्या पाळाव्यात तर तो परवडेना. तीसच्या अकरा झाल्या. या सुगीत काही मिळालं नाही तर त्या अकराही जायच्या होत्या. इंद्रजीतचा पगार येत होता, उपाशी कुणी मरत नव्हतं. पण बजाबाईच्या हातचं असं जे काही होतं ते त्या अकरा कोंबड्यांतच होतं. पंचावन्न वर्षांची बाई पोराच्या पगारावर जगायला तयार असते, पण बाजारातून रिकामी घरी यायला तयार नसते. आणि इतकं सगळं होऊन गंमत अशी की इंद्रजीतला नोकरी लागली होती ती त्याच कारखान्यात. मका उतरवून घ्यायच्या खात्यात.

जेवताना रोज हाच विषय निघायचा.

"आई, आमच्याकडं एक दाणा वाया जात न्हाय," इंद्रजीत सांगायचा. "दाणा तर दाणा, राहिलेला चोथासुदिक जनावरांच्या खाद्याला जातोय."

"मान्सानं खायाचं ते गाडीनं प्यायाचं," कुंडलिक भाकरी मोडत म्हणायचा. "काय दिवस आलं."

"कोण खातंय मका, आबा? तुमी खाता? आई खाती? मका कोंबड्या खात्यात."

"आन कोंबड्या कोण खातंय?" बजाबाईचा प्रश्न.

"तसं न्हाय आई. बाहेरच्या देशाचं तेल आणायचं ते जरा कमी लागतंय. शेतकऱ्याला दोन पैसं मिळत्यात. आन हा प्लांट नसता तर मी आज पुण्यात कुणाच्या तरी खोलीत चौघांत झोपलो असतो."

पोरगं रोज संध्याकाळी डोळ्यांपुढं येऊन बसतंय, हे बजाबाईलाही हवंच होतं. ती त्याचा युनिफॉर्म धुवायला काढायची. पँटच्या दुमडीतून, खिशाच्या शिवणीतून चारपाच दाणे निघायचेच. ते ती अंगणात टाकायची आणि आत हाक मारायची, "इंद्रा, तुझी कंपनी सांडती की रं!" तो हसायचा. अकरा कोंबड्या पाच दाण्यांवर तुटून पडायच्या.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती आणि घरच्यांना बोलावणं होतं. कुंडलिकची पाठ धरली होती, म्हणून बजाबाई एकटीच मोटारसायकलवर पोरामागं बसून गेली. इरकली नेसली होती, केसांत शेवंती होती. मोटारसायकल गेटातून आत शिरली तशी तिची छाती फुगली. गेटवर उभ्या असलेल्या रखवालदारानं पोराला सलाम केला, तो तिनं मनातल्या मनात दोनदा मोजला. रखवालदाराचं नाव उदयसिंह. नाव राजाचं, पण अंगानं इतका किडकिडीत की शिट्टी फुंकताना गडी मागं जातोय का काय असं वाटावं.

आत सगळं बघून ती थक्क झाली. पत्र्याच्या कणग्या इतक्या उंच की मान मोडावी. एका पट्ट्यावरून मका आपोआप चढत होता. सगळीकडं आंबलेल्या आंबिलीसारखा वास. "ह्ये सगळं तू बगतोस?" तिनं विचारलं. "सगळं न्हाय, एवढंच," म्हणून त्यानं मका ओतायचा खड्डा दाखवला. वर लोखंडी जाळी, ट्रक मागं येणार, मका ओतणार, तो जाळीतून खाली जाणार. नारळ फुटला, पेढे वाटले. मग इंद्रजीतला साहेबांनी बोलावलं. "आई, हितंच थांब," म्हणून तो गेला, आणि बजाबाई त्या खड्ड्याजवळ एकटी राहिली.

एक ट्रक नुकताच ओतून झाला होता. जाळीच्या भोवती हातभर रुंद मका पसरला होता. ट्रक निघाला आणि त्याचं चाक त्या मक्यावरून गेलं. दाणे करकरले.

तिचा हात आपसूक खाली गेला. तरी ती थांबली. ट्रक फाटकाकडं वळला, ड्रायव्हर गेला, ओतणारी माणसं पेढे घ्यायला गेली. ढीग उचललेला होता. माल आणणारा निघून गेला होता. राहिलं होतं ते खालचं होतं. एकतीस वर्षं जे अंगात भिनलेलं, त्यानं जे करायचं तेच केलं. बजाबाई इरकली सावरून उकिडवी बसली. खराटा नव्हता, म्हणून तळहातानं गोळा केलं. सूप नव्हतं, म्हणून ओंजळीत घेऊन फुंकर मारली. चिरडलेले दाणेही घेतले. कोंबड्यांना चिरडलेलं चालतं, उलट बरंच. दीडेक किलो झालं असेल. पहिली मूठ तिनं न विसरता भिंतीच्या कठड्यावर ठेवली, आणि बाकीचं ओटीत घेऊन ती उठली. कितीतरी महिन्यांनी ओटी जड झाली होती. ती इतकी खूश होती की पोराची वाट न बघता चालत गेटाकडं निघाली, त्याला तिथंच गाठू म्हणून.

"मावशी, वटीत काय हाय?" उदयसिंहनं अडवलं.

"मातेरं."

"मातेरं म्हंजे?"

"सांडलेलं. तितं खड्ड्यापाशी पडलं हुतं."

तिनं ओटी उघडून दाखवली आणि त्याचा चेहरा बदलला. "सांडलेलं म्हंजे कंपनीचंच की. भाईर न्हेता येत न्हाय. ही चोरी हाय, मावशी."

तो मोठ्यानं बोलला नव्हता. पण गेटाजवळ साहेबांच्या घरच्या बायका गाडीत बसत होत्या, आणि तो शब्द ऐकू जायला मोठ्यानं बोलावं लागत नाही. सगळ्या वळून बघायला लागल्या. बजाबाई म्हणाली, "आरं, चोरी कशाची? ढीग उचलला की. ट्रक गेला की." हे तिथं कुणाला कळणार? ती एका जगाचा कायदा दुसऱ्या जगात सांगत होती.

इंद्रजीत पळत आला. मागं साहेब. बजाबाईचा जीव भांड्यात पडला. हा सांगेल. मातेरं म्हणजे काय, हे या आवारात एका माणसाला तरी माहीत होतं. त्याच्यावरच तर तो वाढला होता.

इंद्रजीतनं आईकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं. मग खाली बघत म्हणाला, "आई, ओत ते." एक घमेलं आणलं. तिच्या ओटीतून मका घमेल्यात गेला, आणि पोरानं तो स्वतः नेऊन खड्ड्यात ओतला. परत येऊन साहेबांना म्हणाला, "सर, चुकून झालं. परत होणार नाही." साहेब चांगले होते. ठीक आहे म्हणाले, पेढे घेतलेत ना विचारलं, आणि गेले.

चोरी म्हणणारा परका होता, त्याला माफ होतं. चुकून म्हणणारा पोटचा होता. तिच्या आयुष्यातली एकतीस वर्षं त्यानं त्या एका शब्दात गुंडाळून खड्ड्यात ओतली होती. परतताना मोटारसायकलवर तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कडी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. कुंडलिकनं पोराची बाजू घेऊन बघितली. "त्येची नोकरी हाय, बजे. साहेबाम्होरं त्यो काय करणार?"

"मका वतायला लावला, त्येचं मला काय न्हाय. नियम त्येंचा असंल. पर आई चोर न्हाय, एवढं म्हणाय काय झालं हुतं? नोकरी गेली असती व्हय तेवढ्यानं?" तिनं कोपऱ्यातल्या खराट्याकडं बघितलं. मग म्हणाली, "खराटा उचलला की त्यो शब्द ऐकू येतोय मला. आता ह्या कोंबड्या इकून टाका."

कुंडलिकनं कोंबड्यांकडं बघितलं आणि तो उठून खुराड्याकडं गेला. इंद्रजीत समोर जेवत होता. त्यानं ताटातली भाकरी तशीच ठेवली.

पाचव्या दिवशी बजाबाईनं त्याचा युनिफॉर्म धुवायला घेतला. शर्ट बाजूला ठेवला, पँट उचलली, तर ती जड लागली. तिनं खिशात हात घातला. मूठभर मका. दुसऱ्या खिशात घातला. मूठभर मका. दुमडीत अडकलेले धुळकट दाणे नव्हते हे. स्वच्छ, निवडलेले, टपोरे. ढिगाच्या वरून उचललेले.

तिनं दोन्ही मुठी भरून बाहेर काढल्या. कोंबड्यांना कळायला उशीर लागत नाही, त्या पायाशी गोळा झाल्या. पोरानं आपल्यासाठी चोरी केली, हे तिला कळलं, आणि खोटं कशाला सांगू, तिला आधी माया आली. डोळे भरून आले. सहा महिन्यांची नवरी असताना बघितलेली ज्वारीची धार तिला आठवली. बापलेकांची अक्कल एकाच साच्यातली. दोघांनाही तिला द्यायचं होतं, आणि दोघांनाही एकच रस्ता सुचला. मग तिनं डोळे पुसले आणि कोंबड्यांना हुसकलं.

"इंद्रा! भाईर ये."

तो आला. तिच्या दोन्ही मुठी बघितल्या आणि दारातच थबकला.

"ह्ये सांडलेलं न्हाय," ती म्हणाली. "ह्ये घेतलेलं हाय."

"आई, मूठभर तर हाय. रोज किती टन येतोय तुला म्हाईत न्हाय."

"त्या दिशी माज्या वटीत दीड किलू हुतं. त्यातला एक दाणा चोरीचा न्हवता. ह्यातला समदा हाय."

तो पायरीवर बसला. पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. "मला त्या दिवशी बोलायला पाहिजे हुतं," तो म्हणाला. "साहेब बघत हुतं. तोंडच उघडंना. आन मग वाटलं, निदान कोंबड्या तरी..."

"कोंबड्यांचं सोड. तोंड उघडत न्हवतं, तर आता उघड."

"साहेबाला काय सांगू?"

"साहेबानं कुटं चोर म्हटलं मला? ज्यानं म्हटलं, त्येला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं तो मका फडक्यात बांधला आणि पोरामागं मोटारसायकलवर बसली. या वेळी इरकली नव्हती, बाजाराचंच लुगडं होतं. गेटाच्या अलीकडंच तिनं गाडी थांबवायला लावली आणि उतरून उदयसिंहपुढं जाऊन उभी राहिली.

"बाळा, ह्ये तुमचं हाय. ह्येच्या कपड्यात सापडलं. घ्या."

उदयसिंहनं फडकं हातात घेऊन वजन बघितलं. एवढा मका कुठल्या शिवणीत मावत नाही हे त्यालाही कळत होतं. त्यानं इंद्रजीतकडं बघितलं. इंद्रजीतनं हेल्मेट काढलं.

"कपड्यात सापडलं न्हाय, खिशात मी घातलं हुतं," तो म्हणाला. "आन त्या दिवशी मी बोललो न्हाय, ते आता बोलतो. माझी आई मोडनिंबच्या बाजारात एकतीस वर्षं मातेरं गोळा करती. ढीग उचलल्याबिगर खराट्याला हात लावत न्हाय. माल आणणारा गेल्याबिगर वाकत न्हाय. आमच्या आबांनी एकदा पोतं फाडून दिलं तर तिनं सगळं परत भरलं. ती चोर न्हाय. तुला वर सांगायचं असंल तर माझं नाव सांग."

मागं एक ट्रक येऊन उभा राहिला. मक्यानं शिगोशीग भरलेला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

उदयसिंहनं गेटावरच्या टेबलावरची वही ओढली, पेन उघडलं आणि डोकं खाजवलं. "आवक लिव्हायची तर गाडीचा नंबर लागतोय," तो म्हणाला. "ह्येला काय लिवू? मोटरसायकलनं मका आला, दोन मुठी?" त्यानं पेन बंद केलं. फडकं हातात घेऊन तो टेबलामागून बाहेर आला, गेटावर आखलेली पांढरी रेघ ओलांडून दोन पावलं रस्त्याच्या बाजूला गेला आणि गाठ सोडली. मका मातीत सांडला.

"आरारा," उदयसिंह म्हणाला, "सांडलं की, मावशी."

बजाबाईनं त्या मक्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "सांडलं न्हाय. तू सांडवलंस."

"व्हय."

"मालक हाईस व्हय रं तू?"

"मी कुटला मालक," तो किडकिडीत गडी म्हणाला. "पर ही रेघ हाय की न्हाय, तितवरच कंपनी. हिकडं म्या काय केलं त्ये कोण इचारतंय? त्या दिशी माज्या तोंडातनं शब्द गेला, मावशी. माजी आईबी शेंगा येचायला जाती दुसऱ्याच्या रानात, काढणी झाल्यावर. घरी जाऊन इचारलं तिला, मातेरं म्हंजे काय. तिनं दोन दिस जेवाय वाढताना तोंड फिरीवलं."

बजाबाईला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडूही आलं. चप्पल काढून ओट्याच्या कडेला येणारे शेठ तिला दिसले. अय्यो, बजाक्का, सांडलं की. मैंदर्गीच्या त्या माणसाचं काम आज या पोरानं केलं होतं, आणि त्याला ते कुणी शिकवलंही नव्हतं. मका तिनं कंपनीच्या दारात परत केला होता आणि घेणाऱ्यानंच तो सांडला होता, तिचा नियम मोडत नव्हता.

ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला. बजाबाईनं ड्रायव्हरकडं हात केला, "थांब की रं जरा, चाक घालशील ह्येच्यावर," आणि लुगडं सावरून मातीत उकिडवी बसली. पहिली चिमूट तिनं कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. उदयसिंह ट्रकपुढं आडवा हात करून उभा राहिला. ट्रकात टनांनी मका होता, त्याच्या पुढ्यात मातीत दोन मुठी मका होता, आणि तो ट्रक थांबला होता.

इंद्रजीत हेल्मेट गाडीवर ठेवून आईशेजारी बसला. कामाचा युनिफॉर्म, कडक इस्त्री, आणि गुडघे मातीत. तो घाईघाईनं दाणे उचलायला लागला, कारण कामाची पाळी सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि आतून कुणीतरी बघत असणारच.

"सावकास," बजाबाई मान वर न करता म्हणाली. "माती आली तर येऊ दी, पाखडता येती. दाणा ऱ्हायला न्हाय पायजे."